उत्तर आलं तर पास

शब्दकोशाच्या आमच्या कचेरीत 'जोडणे' हा शब्द येऊन अडकला तेव्हा आम्ही स्वेटर घालून कामाला बसत होतो, आणि तो सुटला तेव्हा पंखा कोणाच्या बाजूला फिरवायचा यावरून भांडत होतो. मधल्या काळात 'जोम', 'जोर' आणि 'जोश' शहाण्यासारखे आपापल्या पानांवर जाऊन बसले. 'जोडणे' आणि त्याचं सगळं गणगोत तेवढं ठाण मांडून होतं. पानं लावायचं काम माझं. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावरची ती मोकळी जागा रोज सकाळी मलाच वाकुल्या दाखवायची.

दोष शब्दाचा नव्हता. दोष दोन माणसांचा होता, आणि त्यातलं एक माणूस म्हणजे माझे सख्खे बाबा.

बाबा पूर्वी शाळेत भाषा शिकवायचे, म्हणून कचेरीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांच्या वशिल्याने मी इथे चिकटले असा लोकांचा समज आहे, पण गोष्ट उलटी आहे. आधी मी इथे होते. आई गेल्यावर बाबा घरात भिंतींना व्याकरण शिकवायला लागले, तेव्हा मीच त्यांना हाताला धरून आणलं आणि टेबलाशी बसवलं. दुसरं माणूस म्हणजे बाई. कचेरीत बायका आणखीही होत्या, पण 'बाई' म्हटलं की एकच. चष्मा दोरीला, लाल पेन्सिल अंबाड्यात आणि मत तयार.

बाबांचं म्हणणं असं, की 'जोडणे'चं मूळ संस्कृतातल्या 'युज्'मध्ये आहे. युज् म्हणजे जुंपणे. 'योग' त्याच घरातला, 'युग' त्याच घरातलं, आणि बैलांच्या मानेवरचं 'जू' म्हणजे ते 'युग'च झिजून झिजून उरलेलं.

"य चा ज होतो, हे शेंबडं पोर सांगेल," बाबा म्हणायचे.

"सांगू दे की. पण शेवटचा 'ड' कुठून आला ते त्या पोराला विचारा," बाई म्हणायच्या. "आकाशातून पडला?"

बाई 'जुड्'च्या बाजूच्या. जुड् म्हणजे बांधणे. जुन्या व्याकरणकारांनी धातूंच्या यादीत तो दिलेला आहे, तिथे त्याचा 'ड' शाबूत आहे, मग उगाच दूर कशाला जायचं?

"यादीत आहे, पण वापरात कुठे आहे?" बाबा उसळायचे. "लोक आधीपासून 'जोड जोड' म्हणत असतील आणि पंडितांनी मागाहून त्याला बाप शोधून दिला असेल!"

असं रोज. भांडण टेबलाच्या दोन बाजूंनी चालायचं. टेबल एक नव्हतंच म्हणा. दोन टेबलं एकमेकांना चिकटवून ठेवलेली. बाईंच्या बाजूचं बोटभर उंच. त्यामुळे बाईंनी पेन्सिल खाली ठेवली की ती घरंगळत सांध्यावरून टुणकन उडी मारून बाबांच्या पुढ्यात यायची. बाबा बोलता बोलता तिला टोक काढायचे आणि परत द्यायचे. बाई त्याच टोकदार पेन्सिलीने बाबांच्या मताखाली लाल रेघ मारायच्या.

आमच्या मुख्य संपादकांना आम्ही तोंडावर सर म्हणतो आणि पाठीमागे पूर्णविराम. एक तर ते तसेच गोल आहेत, आणि कुठल्याही वादाच्या शेवटी ते "बास, पुढे चला" म्हणतात. पण 'जोडणे'पुढे त्यांनीही हात टेकले होते. खंड छापून झाला की ही कचेरी बंद होणार होती. पुढचे खंड दुसऱ्या गावातली दुसरी माणसं करणार होती. बाई धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या, खोकीसुद्धा बांधून झाली होती. मला कधी कधी वाटायचं, हे दोघं मुद्दामच शब्द संपू देत नाहीत.

आता कचेरीतली एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिनेच घातला.

कोश ज्यांनी सुरू केला त्या थोरल्या संपादकांचा फोटो पाण्याच्या माठावर टांगलेला आहे. त्यांनी घालून दिलेला नियम असा, की कोशातलं प्रत्येक उदाहरण छापण्याआधी बोलून बघायचं. नुसतं वाचायचं नाही. दुपारच्या चहानंतर सगळ्यांनी टेबलाशी बसायचं, ज्याने उदाहरण आणलं त्याने समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून ते वाक्य खरोखर त्याला बोलल्यासारखं बोलायचं. समोरच्याला आपसूक उत्तर सुचलं, तर वाक्य जिवंत. पास. समोरचा नुसताच बघत राहिला, तर वाक्य नापास, मग ते कितीही छान असो.

नव्या माणसाला हे वेड्यांचं घर वाटतं. बाबा टेबलापलीकडे बघून ओरडतात, "अगं, नळ चालू राहिलाय!" आणि बाई म्हणतात, "मग तुम्ही काय करताय, बंद करा की!" पूर्णविराम शांतपणे 'पास' लिहितात आणि 'नळ'चं उदाहरण पुढच्या खंडासाठी बाजूला पडतं. पण नियम खोटा नाही. पुस्तकी वाक्याला उत्तर सुचत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एकदा मी बाबांकडे भाजी पोचवायला गेले. मी दोन गल्ल्या सोडून राहते. दार उघडंच होतं. बाबा ओट्यापाशी उभे होते, एका माणसापुरते तांदूळ निवडत होते, आणि फ्रिजकडे तोंड करून म्हणत होते, "कपाटाचं दार जरा लोटून घे गं."

"कुणाला म्हणताय?"

ते दचकले. "उदाहरण आहे. 'लोटणे'चं, पुढच्या खंडांसाठी. बोलून बघत होतो."

"मग, पास?"

त्यांनी तांदळातला खडा बाजूला टाकला. "घरी मी बोललेलं एकही वाक्य पास होत नाही," असं म्हणून हसले.

ते हसले म्हणून मीही हसले. पण माझ्याने त्या फ्रिजकडे बघवेना. त्याच दिवशी त्यांनी मला दुसरंही सांगितलं, आधी मोतीबिंदूचं आणि मग बाईंचं. मोतीबिंदूचं सविस्तर सांगितलं: ऑपरेशनची तारीख मिळालीय, दवाखान्यातून बजावलंय की सोबत कुणीतरी आणा. बाईंचं एका दमात उरकलं. बाईंना विचारावं असं त्यांच्या मनात होतं. कचेरी बंद व्हायच्या आत.

मला इतका आनंद झाला की मी हातातली भाजी पिशवीसकट फ्रिजमध्ये कोंबली. "विचारा ना! उद्याच विचारा! काय विचारणार?"

बाबांनी खिशातून चिठोरी काढली, नाकाला लावली आणि वाचलं, "माझ्या उर्वरित वाटचालीस आपल्या सहवासाची जोड लाभावी, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे."

मी फ्रिजचं दार लावलं.

"बाबा, ही मागणी आहे की निरोपसमारंभाचं भाषण?"

"ती भाषेची व्यक्ती आहे. तिला असं आवडेल."

"त्यांना असं आवडत असतं तर तुमची अर्धी उदाहरणं त्यांनी नापास केली असती का? साधं बोला. 'मला एकट्याला करमत नाही' म्हणा."

"हे असं सांगतात का कुणाला?" बाबा म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. पुढे मी बोलून उपयोग नव्हता. मास्तरांनी एकदा वाक्य फळ्यावर लिहिलं की पुसायचं नाही, हे मी पहिलीपासून पाहत आलेय.

ठरलं असं, की दुसऱ्या दिवशी वाचन संपल्यावर सगळे उठतील, बाई नेहमीसारख्या कप विसळायला मागे थांबतील, आणि तेव्हा बाबा मोरीपाशी जाऊन विचारतील. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. चहा गार करून प्यायले. सबंध वाचनभर त्यांचे ओठ हलत होते, परीक्षेच्या आधी मुलांचे हलतात तसे. मी संगणकाच्या पडद्याआडून बघत होते.

त्या दिवशी नेमकं आमच्यापुढे होतं 'जोडी' आणि त्यातलं 'जोडीला'. 'जोडीला'चा एक अर्थ, खाण्यापिण्याबरोबरचा, आधीच पास झाला होता. "चहाच्या जोडीला काही आहे का?" असं पूर्णविरामांनी म्हणताच बाईंनी "बिस्किटं संपली" असं उत्तर दिलं होतं, आणि ती खरोखरच संपली होती. अडलं होतं ते दुसऱ्या अर्थावर: माणसाची सोबत. 'जोड'साठीही त्याच अर्थाचं उदाहरण हवं होतं. जो तो पुस्तकातली वाक्यं आणत होता आणि प्रत्येक वाक्य तोंडावर आपटत होतं.

"मास्तर," पूर्णविराम एकदम वळून म्हणाले, "मघापासून पुटपुटताय. आहे वाटतं तुमच्याकडे काहीतरी. होऊ द्या!"

बाबा उभे राहिले. उदाहरणासाठी कुणी उभं राहत नाही. त्यांना नाही म्हणता आलं असतं, पण सकाळपासून तोंडात धरलेलं वाक्य होतं ते, आणि नियमाप्रमाणे समोर बघायचं तर समोर बाईच बसल्या होत्या.

"माझ्या उर्वरित वाटचालीस," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला, "आपल्या सहवासाची जोड लाभावी, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे."

मी खुर्चीतून अर्धी उठले होते. मला ओरडून सांगायचं होतं की थांबा, हे ते नाही. पण बाईंनी चष्मा कपाळावर सारला, बाबांकडे नीट बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "याला काय उत्तर द्यायचं? असं कुणी बोलतं का, मास्तर? नापास."

टेबलाभोवती सगळे हसले. पूर्णविरामांनी काट मारली. बाबा म्हणाले, "खरंय," आणि खाली बसले.

मोरीपाशी ते गेले नाहीत. शर्टाच्या बाह्या दुमडून सरळ घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा बदलले. रुसले नाहीत, त्यांना रुसता येत नाही. नम्र झाले, आणि ते जास्त वाईट होतं. बाईंची पेन्सिल घरंगळत आली, बाबांनी ती उचलून तशीच परत दिली. बोथट. बाईंनी टोकाकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं. नंतर बाईंनी सवयीने 'जुड्'चा विषय काढला, जरा जोरातच काढला, कारण सकाळी भांडण झालं नाही की बाईंचा दिवस सुरू होत नसे.

"घाला जुड्," बाबा म्हणाले. "माझी हरकत नाही."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. पूर्णविरामांना आनंद व्हायला हवा होता, पण तेही घाबरले. "मास्तर, बरं वाटत नाही का? घरी जाताय का?"

"बरा आहे. बाईंचं म्हणणं तर्काला धरून आहे."

बाई जिंकल्या होत्या. इतकं पडेल तोंड करून जिंकलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. दिवसभर त्यांनी एकही लाल रेघ मारली नाही. संध्याकाळी मी कप घेऊन मोरीपाशी गेले तर त्या नळ सोडून नुसत्याच उभ्या.

"तुझ्या बाबांना काय झालंय गं?" त्यांनी विचारलं. "डोळ्यांचं टेन्शन घेतलंय का त्यांनी?"

मी तापट आहे, हे माझ्या नवऱ्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांनी कुणाला काही सांगू नकोस असं बजावलं होतं. पण बाबांचा तो बोथट पेन्सिल परत करणारा हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"बाई, ते उदाहरण नव्हतं," मी म्हणाले.

"कोणतं?"

"कालचं. वाटचाल, सहवास, जोड. ते तुम्हाला विचारत होते. खरंखुरं. इथे, मोरीपाशी विचारणार होते, तर सरांनी मध्येच तोंड घातलं."

बाईंनी नळ बंद केला. मग परत सोडला, मग परत बंद केला.

"पण वाक्य वाईटच होतं गं," त्या म्हणाल्या.

"भयंकर होतं. मी सांगितलं होतं त्यांना."

"आणि मी काय म्हणाले?"

"याला काय उत्तर द्यायचं, म्हणालात. नापास म्हणालात."

बाईंनी ओला हात तोंडावर ठेवला. तो तसाच ठेवून खाली स्टुलावर बसल्या. आधी मला वाटलं त्या हसतायत, मग वाटलं नाही, मग कळलं की दोन्ही चाललंय.

"मला 'जू' आवडत नाही," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांना वाटतं मी 'ड'साठी भांडते. 'ड'साठी भांडतेच. पण मी एकदा जू वाहिलंय, पोरी. दुसरा बैल बसूनच राहिला आणि लोक म्हणायचे, काय छान चाललीय गाडी! तो गेला तेव्हा मान मोकळी झाली, याचीसुद्धा लाज वाटायची मला. म्हणून म्हणते, बांधणं बरं. गाठ निदान सोडता तरी येते."

समजूत घालणं मला जमत नाही. मी म्हटलं, "बाबा आपलं ताट आपण घासतात."

"ते दिसतंच. कप पण विसळून ठेवतात."

"आणि तुमच्या पेन्सिलीला टोक काढायचे."

"मला वाटायचं, सवय असेल. मास्तर ना."

"माझ्या पेन्सिलीला आजवर कधी काढलं नाही," मी म्हणाले. हे मला स्वतःलाही त्याच क्षणी कळलं, आणि जरासं लागलंही.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "आता मी काय करू?"

"ते तुम्ही बघा. मला पानं लावायचीयत," असं म्हणून मी निघून आले, कारण अजून थोडा वेळ थांबले असते तर मी त्यांच्या गळ्यात पडले असते आणि आम्हा दोघींनाही ते अवघड झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई बगलेत जाडजूड पुस्तकं मारून आल्या आणि टेबलावर आदळत म्हणाल्या, "मी पुन्हा सगळं पाहिलं. 'जुड्' वापरात सापडत नाही, हा मास्तरांचा मुद्दा बिनतोड आहे. 'युज्' टाकून देता येणार नाही."

"नको," बाबा म्हणाले. "'ड'चा उलगडा होत नाही. जुड् घाला."

"उलगडा होत नाही म्हणून काय झालं? सगळ्याच गोष्टींचा होतो का?"

"बाई, उगाच माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी नाही. शास्त्रासाठी!"

पूर्णविरामांनी डोकं गच्च धरलं. "म्हणजे आता तुम्ही एकमेकांच्या बाजूने भांडणार? आणखी सहा महिने?" मग त्यांनी स्वतःच पेन उचललं आणि लिहिलं: 'युज् (जुंपणे) किंवा जुड् (बांधणे) यांपासून, निश्चित नाही.' "बास," ते म्हणाले. "पुढे चला." मी ते पडद्यावर टाईप केलं, आणि इतक्या महिन्यांची मोकळी जागा एका ओळीत भरून गेली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण शब्द संपला म्हणजे बाईंची खोकी उचलायची वेळ आली, हे मला कळत होतं. बाबांनाही कळत होतं. त्यांनी खिडकी उघडली, मग बंद केली, आणि जागेवर येऊन बसले.

शेवटच्या दिवशी फक्त 'जोडीला' उरलं होतं. पानं दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात जायची होती. त्याच सकाळी बाबांचं ऑपरेशन. चहानंतर आम्ही शेवटचं वाचन केलं. पूर्णविराम म्हणाले, "वीराच्या जोडीला सैन्य होते." समोर बसलेला मख्ख. नापास. दुसऱ्या कुणी म्हटलं, "दुःखात सखा जोडीला हवा." कुणी जांभई दिली, ते उत्तर धरलं जात नाही. बाई वहीची पानं चाळत होत्या. बाबा तर टेबलाच्या सांध्याकडे बघत होते.

"राहू दे," पूर्णविराम शेवटी म्हणाले. "उदाहरणाशिवाय छापू. थोरल्या साहेबांनी माफ करावं." त्यांनी वही मिटली. खुर्च्या सरकल्या, सगळे उठायला लागले.

मी बाबांकडे गेले. "उद्या मी किती वाजता येऊ? दवाखान्यात लवकर बोलावलंय."

"तू येऊ नकोस. तुझी पानं जायचीयत."

"पानं गेली खड्ड्यात."

"जाणार नाहीत. छापखाना उशिरा आलेली पानं घेत नाही, तुलाच माहितेय. मी रिक्षाने जाईन आणि रिक्षाने येईन. एका डोळ्याला पट्टी, दुसरा आहे की."

"दुसरा तरी कुठे धड आहे? परवा तुम्ही सरांना मी समजून हाक मारलीत!"

"एकट्याला काही होत नाही," बाबा म्हणाले. ते हट्टाने बोलत नव्हते. नेहमीची गोष्ट सांगावी तसं सांगत होते, म्हणून मला रडू यायला लागलं.

"एकटे कशाला जाताय?" टेबलापलीकडून बाई म्हणाल्या. "मी येते ना जोडीला."

मी बाबांकडे बघत होते, त्यामुळे मला आधी काही जाणवलंच नाही. मग जाणवलं की खुर्च्यांचा आवाज थांबलाय. दाराशी पोचलेले पूर्णविराम वळून उभे होते. त्यांनी बगलेतली वही हळूच उघडली. सवय असते एकेकाची. सगळे जिथल्या तिथे उभे राहिले आणि सगळे बाबांच्या तोंडाकडे बघायला लागले, कारण नियम सगळ्यांना पाठ होता: उत्तर समोरच्याने द्यायचं असतं, आणि ते त्याला सुचवायचं नसतं.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"फार वेळ बसवून ठेवतात तिथे," ते म्हणाले.

"बसू."

"नंतर काही दिवस वाचायचं नाही, असं सांगितलंय."

"मी वाचून दाखवीन. आवडलं नाही तर भांडा."

"तुम्ही बहिणीकडे जाणार होतात."

"तिला कालच कळवलं, येत नाही म्हणून. खोकी बांधलेलीच आहेत, ती कुठेही नेता येतात." मग त्यांनी घसा खाकरला, आणि बाईंना घसा खाकरताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "हे बघा मास्तर, मी जू ओढणार नाही. पण शेजारी चालायला माझी हरकत नाही. पट्टी निघाली की तुम्हाला नीट दिसायला लागेल. मग मला एकदा नीट बघून घ्या आणि ठरवा, चालेल की नाही ते."

"तुम्ही मला आधीपासून नीट दिसताय," बाबा म्हणाले.

हे त्यांनी चिठोरीवर लिहून आणलेलं नव्हतं. माझ्या बाबांना इतकं साधं वाक्य येतं, हे मला माहीतच नव्हतं.

मग बाबांच्या लक्षात आलं असावं की मूळ वाक्याचं उत्तर अजून बाकीच आहे. ते उठले, कोटाच्या खुंटीवरून पिशवी काढली आणि म्हणाले, "चला मग. तुम्हाला दवाखाना आजच दाखवून ठेवतो."

"पास," पूर्णविराम म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला होता, पण 'प' त्यांनी ठणठणीत लिहिला.

दोघं जिना उतरून गेली. खाली रस्त्यावर पोचायच्या आतच 'ड'चा विषय निघालेला मला वर खिडकीत ऐकू आला. मी बसून शेवटचं पान लावलं. 'जोडीला'पुढे लिहिलं: सोबतीला, बरोबर. उदा. 'एकटे कशाला जाताय? मी येते ना जोडीला.' टेबलाच्या सांध्यापाशी बाईंची पेन्सिल पडली होती. तिला नवं टोक होतं. ते कधी काढलं, ते मला दिसलं नव्हतं.

खंड छापून आला तेव्हा मी पहिली प्रत घेऊन बाबांच्या घरी गेले. बाईंना तिथे राहायला येऊन काही दिवस झाले होते. लग्नाचे रीतसर सही-शिक्के झाले, आम्ही चौघं-पाचजण होतो, आणि पूर्णविरामांनी भाषण करायला सुरुवात करताच दोघांनी त्यांना थांबवलं. दार नेहमीसारखं उघडंच होतं. मी चपला काढत होते, एवढ्यात आतून बाबांचा आवाज आला.

"माझा चष्मा कुठे गेला?"

आणि लगेच स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "डोक्यावर बघा!"